ट्रेलरवर जीप बांधून न्यायची तर: खान्देशातल्या रस्त्यांसाठी पायरीपायरीने

जुनी जिप्सी, एमएम ५४० किंवा सीजे घेतली, जाड खाचांचे टायर चढवले की पुढचा प्रश्न येतो तो सातपुड्यापर्यंत पोचायचा. धुळ्याहून शहादा, मग म्हसावद, राणीपूर; हे सगळं अंतर अशा गाडीने डांबरावर तोडलं तर टायर घासतात, इंजिन तापतं आणि चालवणारा चढ लागायच्या आधीच थकतो. डोंगरात हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटला तर परतीचा प्रश्न आणखी मोठा. त्यामुळे सपाट ट्रेलर लागतोच, स्वतःचा असो, मित्राचा असो की भाड्याचा.

गाडी ट्रेलरवर चढवणं बहुतेकांना जमतं. बांधणं शिकावं लागतं. केळीचा ट्रक किंवा कापसाच्या गाठी आवळणारे तरबेज हात आपल्याकडे गावोगाव आहेत, पण तो माल एकदा दाबून बसला की बसला. जीपला चाकं असतात आणि स्प्रिंग असतात, ती प्रत्येक खड्ड्यात वर-खाली होते. गाठी बांधायची रीत तिला लावली की पट्टा सुटतो, आणि सुटलेली जीप ट्रेलरवरून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाते. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जीप चालवायच्या या छंदात नव्याने आलेल्यांनी हे सगळं आधीच माहीत करून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

१. आधी कागद

कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते, वेगळा नंबर लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसला पाहिजे, कारण मागून येणाऱ्याला गाडीची पाटी दिसत नाही. एमएच १८ ची बोलेरो आणि एमएच १९ चा ट्रेलर अशी जोडी असेल तर हे हमखास राहून जातं. वेल्डिंगच्या दुकानातून बनवून घेतलेला बिननोंदणीचा ट्रेलर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच विचारते.

सोबत ठेवायचं ते असं:
- ओढणारी गाडी, ट्रेलर आणि वरची जीप, तिन्हींची आरसी
- तिन्हींचा चालू विमा. ओढणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीला ट्रेलर जोडणार असल्याचं लेखी कळवलेलं असावं
- गाड्यांचं पीयूसी आणि चालकाचा परवाना
- यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी

२. सामान

- ५० मिलिमीटर रुंदीचे रॅचेटवाले (मूठ मागेपुढे करून आवळायचे) पट्टे: चार, आणि वर किमान एक जादा
- अ‍ॅक्सलभोवती (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीभोवती) घालायचे छोटे पट्टे, दोन्ही टोकांना कडी असलेले आणि मधे जाड बाही असलेले: चार
- लाकडाच्या मोठ्या पाचरी: चार
- ट्रेलरच्या शेपटीखाली लावायचे दोन भक्कम टेकू
- टायरचा दाब मोजायचा गेज आणि हवा भरायचा छोटा पंप
- जाड हातमोजे, टॉर्च, लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण

पट्टा घेताना त्यावर शिवलेली चिठ्ठी बघा. निळी चिठ्ठी म्हणजे पॉलिस्टर, आपल्याला तोच हवा. हिरवी नायलॉनची, नायलॉन ताणलं जातं आणि भिजल्यावर आणखीच सैल पडतं. तपकिरी पॉलिप्रॉपिलीनची. चिठ्ठीच नसेल तर तो पट्टा घेऊ नका, दुकानदार कितीही शपथा घेवो.

दुसरा सापळा आकड्याचा. दुकानात सांगतात, ‘पाच टनाचा आहे.’ हे पाच टन बहुतेक वेळा पट्टा तुटण्याचे असतात. वापरायचा भार त्याच्या एक तृतीयांश धरतात, म्हणजे दीड टनाच्या थोडं वर. खाली मी सगळा हिशेब याच आकड्याने केला आहे.

काथ्याचा किंवा नायलॉनचा दोर या कामासाठी नको. साखळी चालते, पण ती ताण धरून ठेवत नाही. एक कडी सरकली की सैल. नव्या माणसाने पट्ट्यावरच हात बसवावा.

३. जोडणी आणि वजन

ओढणाऱ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती वजनाचा ट्रेलर ओढता येतो ते लिहिलेलं असतं, ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळं. तो आकडा सापडला नाही तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, पण अंदाजाने जाऊ नका. बंपरखाली शोभेसाठी लावलेला हूक ओढायच्या कामाचा नसतो. ओढायचा हूक चॅसीला बोल्टने कसलेला लागतो. हुकाचा गोळा आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कप एकाच मापाचे आहेत का तेही बघा. लहान गोळ्यावर मोठा कप बसलेला दिसतो खरा, पण पहिल्या मोठ्या धक्क्याला उचकटतो. दोन सुरक्षा साखळ्या जोडाखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे जोड निसटला तरी ट्रेलरचं तोंड त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यावर आपटणार नाही.

आता वजन. ट्रेलर आणि जीप मिळून जेवढं वजन होतं, त्याच्या १० ते १५ टक्के हुकावर पडायला हवं. ६०० किलोचा ट्रेलर आणि १४०० किलोची जीप असे दोन टन झाले, तर हुकावर २०० ते ३०० किलो. यापेक्षा कमी पडलं तर वेगात ट्रेलरची शेपटी डुलायला लागते. जास्त पडलं तर ओढणाऱ्या गाडीचं नाक उचललं जातं आणि स्टेअरिंग हलकं होतं.

हे मोजणं आपल्याकडे अवघड नाही. बाजार समितीबाहेर, जिनिंगजवळ वजनकाटे असतात. तीन वजनं करा: आधी ओढणारी गाडी एकटी; मग जीप चढवलेल्या ट्रेलरसकट सगळी जोडगाडी; आणि शेवटी फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर, ओढणारी गाडी जोडलेलीच पण काट्याबाहेर. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलर आणि जीपचं वजन मिळतं. त्यातून तिसरं वजा केलं की उरतो तो हुकावरचा भार. तो कमी आला तर जीप थोडी पुढे घ्या, जास्त आला तर मागे. जागा एकदा ठरली की ट्रेलरच्या पाटावर चाकाजवळ पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी काट्यावर जायची गरज नाही.

४. चढवणे

जागा सपाट आणि टणक हवी. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या काळ्या मातीत ट्रेलर उभा करू नका. जीपचं वजन आलं की एक चाक रुततं आणि अर्ध्यावर चढलेली जीप कलंडते.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडल्याशिवाय जीप चढवायची नाही. जोडलेला असला तरी शेपटीखाली दोन टेकू आधी लावायचे. कारण असं: जीपची पुढची चाकं उतरंडीच्या फळ्यांवर आली की ट्रेलरची शेपटी दबते, तोंड वर उचलतं, आणि त्यासोबत ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी होतात. हँडब्रेक त्याच चाकांवर असतो. चाकं हलकी झाली की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो आणि सगळी जोडगाडी पुढे सरकते. म्हणून टेकू लावा आणि ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांनाही पाचरी ठोका.

जीप फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू वेग), पहिला गिअर, एक्सिलरेटर जवळजवळ न दाबता. खुणा करणारा माणूस एकच असावा आणि तो पुढे, बाजूला उभा असावा. चार जण चार बाजूंनी ‘घे, घे, बस’ ओरडले की चालवणारा गोंधळतो. मागे कुणीही उभं राहायचं नाही. बंद पडलेली जीप असेल तर विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढा. माणसांनी ढकलून फळीवर चढवायच्या भानगडीत पडू नका.

जागेवर आली की हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ट्रान्सफर केस, म्हणजे फोर लोचा वेगळा गिअरबॉक्स, फोर लोमध्येच राहू द्या. चाकांना पुढून-मागून पाचरी लावा. आणि लगेच चारही टायरचा दाब बघा. जंगलातून परत येताना टायर १२-१५ पीएसआयवर उतरवलेले असतात, घाईत तशीच जीप बांधली जाते. मऊ टायरवर जीप डुलत राहते. एखादं चाक हळूहळू बसत असेल तर त्या कोपऱ्याचा पट्टा शिरपूर येईपर्यंत लोंबायला लागतो. आधी नेहमीचा दाब भरा, मग बांधा.

५. पट्टा कुठे अडकवायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

नवखा माणूस पट्टा बंपरला, बुल बारला किंवा चॅसीच्या टोकाला अडकवतो, कारण ते समोर दिसतं. पट्टा कितीही आवळला तरी त्या जागेच्या आणि ट्रेलरच्या मधे जीपचे स्प्रिंग आहेत. गावच्या वेशीवरचा स्पीड ब्रेकर आला की जीपची बॉडी खाली दबते. त्या क्षणी पट्टा सैल पडतो आणि उघड्या तोंडाचा हूक कडीतून निसटू शकतो. नाही निसटला तर बॉडी वर उसळताना पट्ट्याला हिसका बसतो. नवापूरकडच्या कोंडाईबारी घाटापर्यंत असे किती हिसके बसतील, विचार करा.

म्हणून अ‍ॅक्सल बांधा. अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या खाली असतो, त्याच्या आणि ट्रेलरच्या मधे फक्त टायर. बॉडीला वर-खाली नाचू द्या, पट्ट्याचा ताण फारसा बदलत नाही. जिप्सी, एमएम ५४०, जुन्या सीजे आणि जिमनी, या सगळ्यांना पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत. बाहीचा छोटा पट्टा अ‍ॅक्सलच्या नळीभोवती, चाकाच्या शक्य तितक्या जवळ घाला आणि त्याच्या कड्यांत रॅचेटच्या पट्ट्याचा हूक अडकवा.

२०२० नंतरच्या थारला आणि नव्या गुरखाला मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, पुढे नाही. पुढची दोन चाकं स्वतंत्र हलतात. तिथे टायरवरून जाणारा, चाक पाटाला आवळून धरणारा पट्टा लागतो. ड्राइव्ह शाफ्टभोवती (चाक फिरवणाऱ्या दांड्याभोवती) पट्टा घालायचा मोह होईल, घालू नका.

अ‍ॅक्सलभोवती पट्टा घालण्याआधी खाली वाकून टॉर्चने बघा. मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीवरून ब्रेकचा लोखंडी पाइप जातो. पट्टा त्याच्यावर बसला की आवळताना पाइप चेपतो आणि ते कळतं जीप उतरवून ब्रेक दाबल्यावर. पुढे स्टेअरिंगचे टाय रॉड असतात, त्यांनाही पट्टा लागता कामा नये. नळीवर चिखलाचा थर असेल तर खरवडून काढा; काळी माती वाळली की पट्टा तिच्यावर बसतो, ती गळून पडली की पट्टा सैल.

ट्रेलरच्या बाजूला हूक कशात अडकतो तेही तितकंच महत्त्वाचं. पाटाच्या पत्र्याला पाडलेलं भोक किंवा बाजूच्या फळीचा अँगल चालणार नाही. चौकटीला वेल्ड केलेली जाड कडी हवी. भाड्याचा फ्लॅटबेड असेल आणि ड्रायव्हर ‘मी रोज बांधतो’ म्हणाला, तरी स्वतः खाली वाकून बघा. जीप तुमची आहे.

६. दिशा, कोन आणि आवळणे

पुढच्या अ‍ॅक्सलचे दोन पट्टे पुढे ओढतील, मागच्या अ‍ॅक्सलचे दोन मागे. दोन्ही जोड्या एकमेकींना छेदून: अ‍ॅक्सलच्या डाव्या टोकाचा पट्टा ट्रेलरच्या उजव्या कोपऱ्याला, उजव्याचा डाव्याला. सरळ बांधलं तर पुढे-मागे धरलं जातं, पण आडवं सरकायला वाव राहतो. पुढे जागा कमी असेल तर पुढची जोडी सरळ ठेवली तरी निभावतं, मागची मात्र छेदूनच.

मागची जोडी एवढी महत्त्वाची का? करकचून ब्रेक मारला की जीप पुढे जायला बघते, आणि मागे ओढणारे पट्टेच तिला धरतात. अमेरिकेच्या नियमांत बांधणीने मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेला आणि ०.५ पट मागे व बाजूला सहन करावा असं धरलं आहे. १४०० किलोच्या जीपसाठी पुढचा जोर झाला ११२० किलो. दोन पट्ट्यांची ताकद मिळून सव्वातीन टनांच्या आसपास, मग एवढ्याने भागलंच पाहिजे असं वाटतं. पण पट्टा तिरका आहे. पाटाशी ४५ अंशांत असेल तर त्याचा ७० टक्के जोरच आडवा लागतो, ६० अंशांत असेल तर निम्मा. छेदून बांधल्याने आणखी काही भाग बाजूला जातो. ४५ अंशांत उतरणारा आणि तेवढाच तिरका छेदणारा पट्टा मागेपुढे निम्माच जोर लावतो, म्हणजे दोन्ही मिळून सोळाशे किलो. ११२० किलोंना ते पुरतात. उभे, जवळजवळ सरळ खाली जाणारे पट्टे मात्र जीपला नुसती पाटावर दाबतात, पुढे जाण्यापासून फारसं रोखत नाहीत. म्हणून कोन ४५ किंवा त्याहून कमी ठेवा.

आवळण्याआधी पट्टा सपाट आहे, पीळ नाही, कुठल्या धारेवरून जात नाही हे बघा. धार असेल तर मधे जाड रबर किंवा जुन्या पाइपचा तुकडा घाला. रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे किमान दोन-तीन वेढे पडायला हवेत. चारही पट्टे आधी हाताने ताणा, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा. हाताच्या जोराने जेवढं होतं तेवढं पुरे. रॅचेटच्या मुठीत पाइप घालून आवळू नका, दात तुटतात. मूठ पूर्ण बंद करा आणि उरलेलं टोक गुंडाळून बांधा. मोकळं टोक वाऱ्याने फडफडून झिजतं, किंवा चाकात जातं.

शेवटची परीक्षा: जीपला बाजूने जोरात हलवा. जीप आणि ट्रेलर एकत्र हलले पाहिजेत. पाटावर जीपची चाकं हलताना दिसली तर पुन्हा पहिल्यापासून.

७. सुटं सामान

हाय-लिफ्ट जॅक, डिझेलचा कॅन, फावडं, स्टेपनी, सगळं जीपमधून काढा किंवा वेगळं बांधा. कापडी छत काढलेलं उत्तम. समोरून शिरलेला वारा त्याला फुगवतो आणि चेन फाटते. खाली दुमडणारी पुढची काच असेल तर दोन्ही खटके लावून वर पट्टा मारा.

८. निघाल्यावर पहिला थांबा

पहिल्या १०-१५ किलोमीटरवर थांबायचंच. टायर बसतात, पट्ट्याचे वेढे घट्ट होतात, आणि निघताना गच्च वाटलेला पट्टा इथे बोटाने दाबला जातो. धुळ्याहून शिरपूरकडे निघालात तर सोनगीर यायच्या आत, जळगावहून एरंडोलकडे निघालात तर पाळधीला, भुसावळकडे निघालात तर नशिराबादला थांबा. चारही पट्टे बोटाने दाबून बघा, सैल वाटेल तो आवळा. ट्रेलरच्या चाकांचे हब हाताने बघा. हात ठेववत नसेल इतका तापला असेल तर बेअरिंगला ग्रीस नाही, पुढे जाऊ नका. त्यानंतर दर ८०-१०० किलोमीटरला, आणि रस्त्याचा कुठलाही खराब भाग पार केला की लगेच.

ढाब्यावर एखादा जुना ट्रक ड्रायव्हर लांबून बघून ‘भाऊ, पट्टा ढिला व्हयना’ (ढिला झाला) म्हणाला, तर चहा खाली ठेवा आणि उठा.

९. आपले रस्ते

वेग ६० च्या आत ठेवा, चौपदरी हायवे रिकामा असला तरी. ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक मारू नका आणि वेगही वाढवू नका. स्टेअरिंग सरळ धरा, एक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. थांबल्यावर जीप थोडी पुढे घेऊन पुन्हा बांधा.

स्पीड ब्रेकर आपल्याकडे रंगवलेले नसतात आणि गावाच्या दोन्ही टोकांना असतात. गाव दिसलं की तिसरा गिअर.

शहादा-तळोद्याकडे हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या चालतात. त्या भागात अंधार पडल्यावर ट्रेलर घेऊन फिरू नका, आणि तुमच्या ट्रेलरवर लाल रिफ्लेक्टर पट्टी, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर चालू हवेत. उन्हाळ्यात पहाटे निघा. टायरचा दाब थंड टायरवर, निघण्याआधी भरा. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढू नका.

उताराला गिअरने वेग धरा, ब्रेक तापवू नका. चाळीसगाव-कन्नड घाटातून जायचं असेल तर वाहनांवरच्या निर्बंधांची आधी चौकशी करा. तोरणमाळच्या सातपायरी घाटात ट्रेलर घेऊन जाऊच नका. तो खाली राणीपूरकडे सुरक्षित जागी लावा आणि जीप चालवत वर न्या. तिच्यासाठीच तर एवढं केलं. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर मदतीचा नंबर १०३३, जीवावरचा प्रसंग असेल तर ११२.

१०. उतरवणे

आधी जागा सपाट, ओढणाऱ्या गाडीला पाचरी, शेपटीखाली टेकू. मग जीपमध्ये एक माणूस, पाय ब्रेकवर. त्यानंतरच रॅचेट उघडायचे. ताणलेला रॅचेट झटक्याने उघडतो, तोंड त्याच्यासमोर आणू नका. पट्टे काढले, अ‍ॅक्सलभोवतीचे छोटे पट्टेही काढले याची खात्री करा. घाईत ते विसरतात आणि चाकात गुंडाळले जातात. पाचरी सगळ्यात शेवटी, आणि मग रिव्हर्स, फोर लो.

घरी आल्यावर पट्टे साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. रॅचेटच्या दातांत अडकलेली माती ब्रशने काढा आणि तेलाचा थेंब सोडा. पट्ट्याच्या काठाला काप दिसला, शिवण उसवली किंवा उन्हाने रंग विटून धागे ताठ झाले असतील, तर तो कपाटात परत ठेवू नका. कात्रीने मधोमध कापून टाका, म्हणजे उद्या दुसरा कुणी उचलून वापरणार नाही.